माझ्या पलीकडचा ठिपका

डोळा जरा जवळ आणा. अजून. पापणी काचेला लागली तरी चालेल, मला सवय आहे. हां, आता ऐका. बोलणारा मी, वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक. आयुष्यभर लोकांनी माझ्यातून पाहिलं, माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. तक्रार नाही हो. आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात.

मी जन्मलो एका लांबलचक कारखान्यात. तिथे एक म्हातारे कारागीर भिंग घासायचे, त्यावर तोंडाची वाफ सोडायचे, पुसायचे आणि पुन्हा घासायचे. माझी जोडणी झाल्यावर त्यांनी मला जगातली पहिली वस्तू दाखवली, ती म्हणजे त्यांच्याच मिशीचा एक केस. तो दोरखंडाएवढा दिसला तेव्हा ते स्वतःशीच हसले. तेव्हापासून मला खोड जडली. समोर काहीही आलं की वाटतं, हे जवळून कसं असेल?

मग या विद्यापीठात आलो. पोरांच्या किती पिढ्या माझ्यावर वाकून गेल्या! माणसाची गंमत सांगू? एक डोळा मिटला की त्याचं तोंड आपोआप उघडतं. आणि बहुतेकांना बघायचं नसतंच. वहीत पुस्तकातलं चित्र उतरवायचं आणि मान ठेवायचा म्हणून माझ्यात एकदा डोकवायचं. मी कांद्याची साल दाखवतोय आणि पोरगा भलतीच आकृती काढून मोकळा, असंही झालंय.

बाई तेवढ्या वेगळ्या. त्या इथेच शिकल्या आणि इथेच शिकवायला लागल्या. विद्यार्थिनी असताना त्यांनी पानाच्या चित्रात एक बुडबुडाही काढला होता, कारण तो दिसत होता. त्यावरून गुण कापले गेले, पण माझा जीव तेव्हाच त्यांच्यावर जडला.

तर एकदा बाईंनी पाण्याच्या जुन्या टाकीच्या भिंतीत उगवलेल्या रोपाचं पान आणलं. पानाला श्वास घ्यायला बारीक बारीक तोंडं असतात. कडक उन्हात, भर दुपारी बरीच झाडं ती मिटून घेतात. या रोपाची मात्र उघडी! आणि त्या तोंडांच्या कडेला, पेशीच्या आत, एक ठिपका. तो हलत होता.

बाईंनी श्वास रोखला. मीही रोखला असता, पण आम्हाला ती सोय नाही. बाई फोकसचा स्क्रू इकडे फिरवत, तिकडे फिरवत. मी जीव तोडून दाखवत होतो, पण ठिपका ठिपकाच राहिला. तिथे माझी हद्द संपते. तो रोपाचाच भाग आहे, की आत येऊन राहिलेला कुणी पाहुणा, हे माझ्या भिंगांना कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या पलीकडचं काही तरी असल्याचं समजलं आणि झोप उडाली.

बाईंनी रोप कुंडीत लावून पाहिलं. कुंडीत ठिपका गायब! त्या भिंतीतच काही तरी होतं. आणि पुढच्या सुट्टीत ती भिंत खरवडून नवं प्लास्टर करायचं ठरलं होतं. म्हणजे बघायचं तर आत्ताच, आणि त्यासाठी माझ्याहून कितीतरी तीक्ष्ण यंत्र हवं. विद्यापीठ आपल्याच प्राध्यापकांना संशोधनासाठी दरवर्षी निधी देतं. बाईंनी अर्ज भरला आणि तो आधी विभागप्रमुखांना दाखवला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, 'अपेक्षित निष्कर्ष' इथं तुम्ही 'माहीत नाही' लिहिलंय?"

"माहीत नाही, म्हणून तर बघायचंय ना सर."

"अहो, असं नसतं. निष्कर्ष आधी लिहायचा, संशोधन सावकाश करायचं. सगळे तेच करतात. आणि हे काय? 'उपलब्ध साधन: जुना सूक्ष्मदर्शक, उत्तम चालू स्थितीत.' संपलंच की! उत्तम चालतोय तर समिती नवा कशाला देईल? निकामी लिहा."

"पण तो चालतोय सर. धडधाकट आहे त्याला मेला कसं म्हणू?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सगळा दोष माझ्या तब्येतीचा होता. बाईंनी एक अक्षर बदललं नाही. दुपारी त्यांच्या आईचा फोन आला. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या आहेत त्या, मलाही ऐकू येतं. "अगं, जेवलीस का? आणि तुझ्या त्या ठिपक्याचं काय झालं?" बाई म्हणाल्या, "घोडं पेंड खातंय, आई." बाईंचा हट्ट मला आवडला, खोटं कशाला बोलू? पण त्या हट्टापायी ठिपका जाणार, या विचारानं मी बेचैनही झालो.

निधी देणाऱ्या समितीच्या बैठकीच्या दिवशी बाकीचे प्राध्यापक मोठमोठे तक्ते पडद्यावर दाखवत होते. प्रयोगशाळेतल्या मामांनी मला लेकरासारखं उचलून नेलं आणि थेट समितीच्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये ठेवलं. बाई म्हणाल्या, "मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा."

समितीतले पदार्थविज्ञानाचे सर वाकले. "यात काय विशेष? पाण्यात बारीक कण थरथरतातच."

"थरथरतात सर, पण जागच्या जागी. हा कडेकडेनं चालत जातो. थोडं थांबा."

सर थांबले. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं, तेव्हाच मी ओळखलं की मासा गळाला लागला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, चहा गार होतोय." "होऊ द्या हो," सर डोळा न काढता म्हणाले. मग अध्यक्षबाई आल्या. मग हिशेब विभागाचे साहेब. त्यांना काहीच दिसेना, कारण त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते.

"पण हा आहे तरी काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माहीत नाही मॅडम," बाई म्हणाल्या.

या वेळी त्या शब्दांवर कुणी हसलं नाही. पैसे मंजूर झाले. पण हिशेबाच्या साहेबांनी डोळे उघडून नियम काढला. जुनं साधन निकामी ठरवल्याशिवाय त्याच जातीचं नवं घेता येत नाही. 'जुना सूक्ष्मदर्शक निकामी' असा एक कागद सहीसाठी बाईंपुढे सरकला.

बाईंनी पेन उचललं आणि थांबल्या. एक हात माझ्या मानेवर होता. तो हात मी किती वर्षं ओळखतो! मला ओरडून सांगायचं होतं, 'करा हो सही! मला ठेवून करणार काय? सगळा जन्म बघण्यात गेला, आता एका ठिपक्यापाशी येऊन अडू नका.' पदार्थविज्ञानाचे सर हळूच म्हणाले, "तो निकामी नाहीच. त्यानंच तर दाखवलं. पण कागदाला हे कुठं कळतं?" बाईंनी डोळे पुसले आणि सही केली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण उत्सुकता त्याहून मोठी होती.

आता माझ्या मानेवर लाल रंगात 'बाद' लिहिलंय. मी बोळकांडीतल्या काचेच्या कपाटात मोडक्या तराजूशेजारी असतो. भिंत खरवडायच्या आतच समोरच्या खोलीत नवं यंत्र आलंय. दार बंद असतं आणि खालच्या फटीतून नुसता निळा उजेड येतो. कान टवकारून ऐकतो, पण आतून ताकास तूर लागत नाही.

परवा मात्र दार धाडकन उघडलं. बाई जवळजवळ धावत बाहेर आल्या, कपाटाला दोन्ही तळवे टेकले आणि काचेतून मला म्हणाल्या, "अरे, तो एक ठिपका नाहीच. दोघं आहेत. एक दुसऱ्याला ओढून नेतोय!" आणि पुन्हा आत गेल्या. दार बंद.

दोघं! कोण दोघं? कुठे नेतोय? कशासाठी? भंगारवाला या महिन्यात येणार म्हणतात. माझी एवढीच विनंती आहे, तो आला तर त्याला जरा बोलण्यात गुंतवा. दार पुन्हा उघडेपर्यंत मला इथून हलायचं नाही.