मेहुणा येऊन गेला

दारूच्या तलफेला एखादं नाव द्या, असं मोबाइलवरून समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी सांगितलं, तेव्हा त्यानं जराही विचार न करता ‘मेहुणा’ म्हणून टाकलं. न सांगता येतो, सोफ्यावर ऐसपैस बसतो, उठायचं नाव घेत नाही. मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, की त्याच्याशी भांडायचं नाही. बस बाबा म्हणायचं, पण बाटली मिळणार नाही हेही सांगायचं. कंटाळून जाईल.

आणि खरंच जायचा. दारू सुटून आता बरेच महिने झाले होते, आणि मेहुण्याच्या फेऱ्याही कमी झाल्या होत्या.

मॅडमशी बोलायला तो अडगळीच्या खोलीत बसायचा. उलटी घातलेली बादली ही खुर्ची, आणि मोबाइल टेकवलेला जुन्या पान्यांच्या पेटीला. ती पेटी लिफ्टच्या कामाची. एके काळी तो लिफ्ट दुरुस्त करायचा, जोडीला बायकोचा धाकटा भाऊ. म्हणजे खरा मेहुणा. एक दिवस काम चालू असताना दोर सरकला, कर्रकन आवाज झाला आणि मेहुणा लिफ्टच्या उभ्या बोगद्यात लोंबकळला. आगीचा बंब येईपर्यंत यानं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. मेहुणा वाचला, गुडघा तेवढा गेला. तो दुसऱ्या शहरात जाऊन चष्म्यांच्या दुकानात लागला आणि हा लिफ्ट सोडून कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायला बसला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. साधा खण कर्रकन उघडला तरी याच्या तळहाताला ते वजन जाणवायचं, आणि ते उतरवायला तो प्यायचा.

आज तो खरा मेहुणा घरी येणार होता. बायकोनं भावाला किती दिवस गळ घालून कबूल करून घेतलं होतं. सकाळपासून याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. मॅडम पडद्यावर दिसल्या न दिसल्या तोच त्यानं मोठ्यानं सांगून टाकलं, की काल मेहुणा आला होता, पण दारातूनच वाटेला लावला. आता या घरात त्याला पाऊल टाकू देणार नाही. मॅडम म्हणाल्या, हे भांडण झालं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “इतकी नावं असताना हेच का सुचलं तुम्हाला?”

तो तळहाताकडे बघत राहिला. आणि मग, आजवर कधीच नाही असा, बोलायला लागला. दोर, आवाज, ते घामेजलं मनगट, निसटेल निसटेल ही भीती, सगळं. बोलून झाल्यावर त्याला एवढं हलकं वाटलं, की मॅडमना नमस्कार करायच्या नादात त्यानं मोबाइल पेटीवरून खाली पाडला.

बाहेर येऊन तो घर आवरायला लागला. उशा झटकल्या, पंखा पुसला, पुसलेला पंखा परत पुसला. तेवढ्यात बायको आली. ती शाळेची बस चालवते. तिनं किल्ल्या टेबलावर आपटल्या.

“कशाला झटकताय? कोणी येत नाहीये.”

तो फडकं तसंच हातात घेऊन तिच्याकडे वळला.

“मीच त्याला फोन केला, येऊ नकोस म्हणून. येऊन दारातून परत जायची पाळी नको त्याच्यावर.”

“अगं, कोण पाठवतंय परत?”

“तुम्ही. अडगळीतनं सगळं ऐकू येतं. मेहुण्याला पाऊल टाकू देणार नाही, तेवढं ऐकलं आणि तशीच बस काढली. बसभर पोरं बोंबलत असतात, तरी मागच्या सीटवरची चुगली कळते मला.”

तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून घाबरला, मग भराभर सांगत सुटला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. डोळे भरून आले तिचे, पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

“तलफेला माझ्या भावाचं नाव? तुमच्या बहिणीचं नाही सुचलं ते!”

मेहुणा तोवर स्टँडवर उतरलेला, परतीच्या गाडीची वाट बघत. बायको फोन लावायला लागली. त्यानं तिच्या हातातून मोबाइल घेतला. घेतला आणि तळहात जड झाला. तो दुसरा मेहुणाही आलाच, सोफ्यावर, नुकत्याच झटकलेल्या उशीला टेकून. बस बाबा, त्यानं मनात म्हटलं, मला आधी एक फोन करायचाय.

“मी बोलतोय.”

पलीकडे स्टँडचा गोंगाट, त्यातून दबका आवाज. “भाऊजी?”

“गाडीत बसू नकोस.”

“ताई म्हणाली...”

“ताईनं भलत्याच मेहुण्याचं ऐकलं. थांब तिथंच, आम्ही येतो.”

बायकोनं किल्ल्या उचलल्याच होत्या. बस डेपोत लावायचीच होती आणि स्टँड वाटेवर. तो मुलांच्या बुटक्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसला आणि प्रत्येक सिग्नलला बायकोला ‘हिरवा झाला’ म्हणून सांगत राहिला. शेवटी ती म्हणाली, मागच्या सीटवर बसवीन.

मेहुणा काठी टेकून, पिशवी सांभाळत उभा होता. केस विरळ झाले होते, चष्मा मात्र झकास. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बायकोनं हॉर्न वाजवला.

त्यांना इमारतीच्या दाराशी सोडून ती डेपोत गेली. जिन्यापाशी मेहुणा थांबला. “मला चढवत नाही हो.”

इतकी वर्षं हा जिन्यानंच जायचा. त्यानं लिफ्टचं बटण दाबलं. सवयीनं मेहुण्याला आत घ्यायला हात पुढे केला.

“मनगट नको,” मेहुणा म्हणाला. “अजून दुखतंय. केवढं आवळलं होतंत.”

मग त्यानं स्वतःच याचा हात धरला. दार लागलं. लिफ्ट हलली आणि वरून कर्रकन आवाज आला. दोघांचे हात एकमेकांत घट्ट झाले, दोघांनी एकदमच वर बघितलं, आणि दोघं एकाच वेळी म्हणाले,

“ग्रीस नाहीये.”

घराचं दार उघडून त्यानं आधी सोफ्याकडे नजर टाकली. मग बाजूला होऊन मेहुण्याला म्हणाला, “ये, बस. जागा रिकामी आहे.”