टाक्यांवरचा पट्टा

मी एक पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, पोटाचा. बाळंतपणात पोट चिरावं लागलं की बाईच्या टाक्यांवरून बांधतात, तो रुंद, ताणणारा पट्टा. हिंगणघाटच्या औषधाच्या दुकानातून मी अल्लीपूरला आलो, तो शालूसाठी.

शालू या घरची थोरली सून. घर भाजीवाल्यांचं. वांगी, भेंडी, कोथिंबीर पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायची. खोकला आला की शालू दोन्ही हातांनी मला दाबून धरायची. शिंकायलासुद्धा भ्यायची. पण कुशीत लेक होती, म्हणून दुखणं हसत सोसायची.

सव्वा महिना झाला. विहीर पुजली. सासू चतुराबाईने तिची गादी आपल्या खोलीतून उचलली आणि म्हणाली, "झाली मोकळी. आता आपल्या खोलीत नीज."

शालूचा नवरा गजेंद्र वाईट माणूस नव्हता. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. पण तिला काही विचारलंही नाही, आणि तिला सांगता आलं नाही. रात्री मला सोडायला ती उशीर लावायची. सकाळी ती मला आधीपेक्षा घट्ट आवळायची.

"पोरगी अंगावर पेते तवर काई होत नाई," असं घरात सगळेच धरून चालले होते. लेक अजून बसायला लागली नव्हती, तेव्हाच शालूला पुन्हा दिवस गेले. लाजेने तिने ते उशिरा सांगितलं. पुढे जुन्या टाक्यांची जागा दुखू लागली. वांगी तोडायला जाताना ती मला पोटाखाली सैल गुंडाळून घ्यायची.

दिवस भरत आले होते. एका सकाळी ती वांग्यांच्या ओळीत मटकन बसली. ओरडलीही नाही. तिला घरी आणून गाडीत घालताना चतुराबाईने मला सोडून खुंटीवर टाकलं. संध्याकाळी सगळे परत आले. शालू आली नाही. पोटातलंही आलं नाही. आतला जुना टाका उसवला, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात मात्र एवढंच बोललं गेलं, देवाची मर्जी. गजेंद्र शेतातल्या खोपटात निजू लागला, लेक आजीपाशी वाढू लागली, आणि मला धुऊन पेटीत घातलं.

काही वर्षांनी पेटी उघडली. गजेंद्रचा धाकटा भाऊ निकेश, त्याची बायको सपना, देवळी गावची. तिलाही पोट चिरून मुलगा झाला होता. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. "नवा कायले घेता? हाय नं घरी," म्हणत चतुराबाईने मला तिच्या पोटावर बांधलं.

"कोनाचा व्हय हा, आई?"

"घरचाच व्हय."

मग सगळं तसंच होऊ लागलं. त्याच जागी दाबलेला हात. तीच शिंकेची भीती. सव्वा महिना झाला आणि चतुराबाईने गादी उचलली. "आता आपल्या खोलीत नीज." तेच शब्द, त्याच आवाजात.

निकेश त्या दिवशी बाजारातून गजरा घेऊन आला होता. हसऱ्या स्वभावाचा माणूस. सपनाचाही त्याच्यावर जीव. त्याने दार लोटलं आणि माझी चिकटपट्टी सोडायला हात घातला, तसा तिने तो हात धरला.

"मले भेव लागते."

"माह्यं?"

"तुमचं नाई. टाक्याचं. अजून आतून ओढल्यावानी होते."

"सव्वा मयना त झाला नं."

"टाक्याले कोनं सांगतलं, सव्वा मयना झाला म्हून?"

तो भिंतीकडे तोंड करून निजला. पुढे रोज थोडा थोडा गप्प होत गेला. सपना समोर आली की उठून बाहेर जायचा. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

एका दुपारी पुरुष जेवायला बसले असताना, चुलीपाशी चतुराबाई हळूच सुनेला म्हणाली, "नवऱ्याले असं दूर नाई ठेवा लागत, बाई. मानूस बाहेर पाह्याले लागते. अन् पोट्टं अंगावर पेते तवर काई होत नाई."

सपना भाकर थापत होती. शेजारणींच्या तोंडून तिने अर्धंमुर्धं ऐकलं होतं. तिने आवाज हळू ठेवला नाही.

"शालूताईबी पाजत होत्या नं, आई?"

निकेशचा घास तोंडाशीच राहिला. गजेंद्र धाकट्या भावाच्या बायकोशी कधी बोलत नसे. तो ताटाकडे पाहत म्हणाला, "पाजत होती."

आणि अर्ध्या भाकरीवर हात धुऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी निकेश सपनाला दवाखान्यात घेऊन गेला. मोटरसायकलवर टाके हादरतील म्हणून बसने. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला करून पोट तपासलं. "वरची जखम भरली. आतलीला आणखी वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "दुखत नसेल आणि हिच्या मनात असेल, तेव्हाच जवळ या. त्याआधी तांबी बसवा, नाहीतर दुसरं साधन घ्या. अंगावर पाजते यावर विसंबू नका. दोन वर्षं तरी दुसरं मूल नको." हे सगळं त्यांनी निकेशकडे पाहून सांगितलं.

परतताना बसमध्ये तो एकदाच बोलला. "वैनीले हे कोनीच सांगतलं नसन का?"



तांबी बसवून बरेच दिवस गेल्यावर सपनाने एकदा मला आपल्या हाताने सोडलं. निकेश विचारत होता, "दुखते का?" ती म्हणाली, "थोडंसं. थांबा म्हनलं का थांबाचं." थोड्या वेळाने ती थांबा म्हणाली. तो थांबला. मग मी तिचं हसू ऐकलं. शालूचं असं हसू मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं.

आज सकाळी शेजारची तानाबाई मला मागायला आली. तिच्या सुनेचंही पोट चिरलं आहे. चतुराबाईने मला घडी घालून दिलं, आणि तानाबाई उठू लागली तसा तिचा पदर धरला.

"बस. पट्टा नेजो, पन पयले माही शालू कशी गेली, थे आयकून जाय."

चतुराबाईने सगळं सांगितलं. सव्वा महिन्यानंतर गादी कोणी उचलली, तेही. तानाबाईने डोळे पुसले. पण फाटकापाशी गेल्यावर ती वळून म्हणाली, "खरं हाय, बाई. पन हे पोराले कोन्या तोंडानं सांगाचं? लाज वाटते."

आता मी तिच्या पिशवीत आहे. ती झपझप चालली आहे. तिच्या सुनेचं नावही मला अजून माहीत नाही. लोकहो, मी वरून आवळणारा पट्टा. आत काय भरलं आणि काय नाही, ते मला दिसत नाही. ते जिचं पोट आहे तिलाच कळतं. तिला विचारा. आणि ती गप्प राहिली, तर ते हो समजू नका.