खालच्या पायरीवरचं पाऊल

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं की तुम्ही लगेच मोडकी समजाल, म्हणून आधीच सांगून ठेवते, माझी एकही पायरी आजवर निखळलेली नाही. करकरते, ते खरं. पण या वयात कोण करकरत नाही? तुमच्या घरातली मोठी माणसं खुर्चीतून उठतात तेव्हा जरा कान देऊन ऐका.

मला घडवलं एका सुताराने. माणूस तिरसट. माप घेताना एका डोळ्याने बघायचा आणि बोलताना अर्ध्या तोंडाने बोलायचा. पण हात असा की माझ्या अंगात त्याने एक खिळा ठोकला नाही. उभ्या दांड्यांना भोकं पाडून पायऱ्या त्यात बसवल्या, पाचरी मारल्या आणि मग रंधा फिरवत बसला. आंधळ्याने हात फिरवला तरी कुसळ टोचू नये, असं माझं अंग केलं. मी मनात म्हटलं, एवढी मेहनत घेतोय, म्हणजे आपला जन्म उंच जाण्यासाठीच आहे. जमिनीवरच्या वस्तूंकडे मी तेव्हापासूनच जरा नाक वर करून बघू लागले.

मला न्यायला आला तो एक तरुण रंगारी. दुकानांवरच्या पाट्या, घरांच्या भिंती, शाळेचं कंपाउंड, काय म्हणाल ते रंगवायचा. सुतार त्याला म्हणाला, "शिडी पक्की आहे. पण एक ध्यानात ठेव. शिडी वरून पडत नाही, खालून सरकते. खाली धरायला माणूस ठेव."

रंगाऱ्याने मान हलवली. तो मान हलवणाराच माणूस होता. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेल्या डब्याचं झाकण उघडायचं.

त्याने माणूस काही ठेवला नाही. पहिल्याच कामाला मला एका घसरड्या फरशीवर टेकवून हा शहाणा एकटाच वर चढला. मी खाली लटपटतेय, हा वर मजेत ब्रश फिरवतोय. इतक्यात त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. नवी नवरी होती, पण नवेपणाने गप्प बसणारी नव्हती. तिने वर बघितलं, खाली बघितलं, डबा बाजूला ठेवला आणि माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर आपलं डावं पाऊल रोवलं. दोन्ही हातांनी माझे दांडे धरले आणि म्हणाली, "अहो, मला विधवा करायची एवढी घाई होती तर लग्न कशाला केलंत?"

त्या दिवशी ठेवलेला पाय तिने पुढे म्हातारपणापर्यंत उचलला नाही म्हणा ना. लोक तिला रंगारीण म्हणू लागले, पण ब्रश तिने कधी हातात धरला नव्हता. ती मला धरायची. आणि बोलायची. सकाळी बोलायला लागली की डबा उघडेपर्यंत खंड नाही. शेजारणीने उसनं नेलेलं भांडं, मुलाचा खोकला, महागलेली भाजी, कशाचाही विषय तिला चालायचा. मधूनच वर बघून ओरडायची, "अहो, उजवीकडे ओघळ आलाय! डोळे आहेत की बटणं?" वरून उत्तर यायचं, "हं." एवढंच. त्या 'हं'वर ती पुन्हा तासभर बोलायची.

रस्त्यावरची माणसं हसायची. एक जण म्हणाला, "वर रंगारी आणि खाली रेडिओ!" तिने मान वळवून सुनावलं, "रेडिओला बटण असतं बाबा, बंद करता येतो. माझं बटण सापडतंय का बघ."

काम संपलं की घरमालक मागे सरून भिंतीकडे बघायचा. "वा रंगारी, जादू आहे तुझ्या हातात!" म्हणायचा. कोणी माझ्याही दांड्यावर थाप मारायचं, "शिडी मजबूत आहे हो." मी फुलून जायचे. रंगारिणीला मात्र कोणी काही म्हटलेलं मला आठवत नाही. उलट एक बाई म्हणाल्या होत्या, "ताई, जरा बाजूला व्हा, भिंत नीट बघू दे." ती बाजूला झाली. तेवढ्यापुरती गप्पही झाली.

आता एक भांडण सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रंगाऱ्याने आख्ख्या गावाच्या भिंती रंगवल्या, पण त्याच्या स्वतःच्या घराच्या भिंतीचे पोपडे पडत होते. "पुढच्या आठवड्यात करू," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या इतर वाक्यांपेक्षा ते बरंच लांब होतं. एकदा रंगारिणीची बहीण राहायला यायची होती. त्याने रंगाचं कबूल केलं आणि ऐन वेळी कापडवाल्याचं काम घेतलं. बहीण आली, दारातच थबकली आणि हसून म्हणाली, "रंगाऱ्याचं घर ना हे? की मी चुकले?"

झालं. बहीण गेल्यावर रंगारिणीने सांगितलं, "आजपासून माझं तोंड बंद." दुसऱ्या दिवशी कापडाच्या दुकानाशी आली, पाय रोवला, दांडे धरले आणि खरोखरच गप्प राहिली. राग नवऱ्यावर होता, शिडीवर नव्हता.

वर रंगाऱ्याने ब्रशचे दोन हात मारले आणि थांबला. खोकला. खाली शांतता. ब्रशच्या दांड्याने माझ्या पायरीवर टकटक केली. तरी शांतता. मग तो बाजूला झुकून, काखेखालून खाली डोकावू लागला. मी म्हणत होते, अरे वाकू नको, वाकू नको. पण शिडीचं कोण ऐकतं? माझ्या पायरीला आकड्याने अडकवलेला निळ्या रंगाचा डबा कलंडला आणि थेट रंगारिणीच्या डोक्यावर! उरलेला रंग कापडवाल्याच्या पांढऱ्या ताग्यांवर. कापडवाल्याने कपाळाला हात लावला. आणि रंगारिणीचं तोंड जे उघडलं, ते विचारू नका. "अहो धांदरट! भर बाजारात मला निळी केलीत! माझ्या बहिणीने घर बघितलं, आता गावाने मला बघितलं!"

तिच्या डोळ्यांत रंग होता, म्हणून तिला दिसलं नाही. मला दिसलं. वर रंगाऱ्याचा चेहरा असा सैल झाला होता, जशी हरवलेली किल्ली खिशातच सापडावी. पण त्याने खुलासा केला नाही. आणि ती पुढे आल्यागेल्याला सांगत राहिली, "आमचे हे इतके धांदरट, इतके धांदरट..."

वर्षं गेली. मुलगा मोठा झाला, बापाच्या हाताखाली शिकला आणि बापापेक्षा चांगला रंगारी झाला. रंगाऱ्याचे गुडघे गेले. मग एक दिवस घरात नवी शिडी आली. अॅल्युमिनियमची. हलकी, चकचकीत, चार पायांवर आपली आपण उभी राहणारी. तिला धरायला कोणी लागत नाही. मी तिला नावं ठेवणार नाही, गुणाची आहे बिचारी. फक्त उन्हात तापते आणि जरा पोकळ वाजते, एवढंच म्हणेन.

मुलगा म्हणाला, "आई, खूप उभी राहिलीस. आता घरी बस, आराम कर." प्रेमानेच म्हणाला. पण रंगारीण तेवढ्या शब्दांनी खालीच बसली.

मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर फडकी वाळू लागली. मांजरीने माझ्या आडोशाला पिल्लं घातली. अंगणात रंगारी खुर्चीवर बसायचा, रंगारीण उंबऱ्यावर, आणि दोघांत एक शब्द नाही. तो आधीपासूनच गप्प. आता तीही गप्प. एका दुपारी ती ओलं फडकं माझ्यावर टाकायला आली आणि तशीच उभी राहिली. आजूबाजूला कोणी नव्हतं. ती मलाच म्हणाली, "त्यांनी भिंती रंगवल्या. पोरगा रंगवतोय. माझं काय? मी शिडी धरली. कोणी विचारलं, बाई, जन्मभर काय केलंस, तर हे सांगू? माणसं हसतील."

मी काय बोलणार? करकरले.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी तिने मुलाला सांगितलं, "ती मागची शिडी फोडून टाक. उगाच जागा अडवते. जळणाला तरी उपयोगी पडेल." मुलगा कुऱ्हाड घेऊन आला. मित्रांनो, मला कुऱ्हाडीची भीती वाटली, हे काय लपवायचं? पण त्याहून जास्त लागलं ते हे, की फोडायला तीच सांगत होती. मला ठाऊक होतं, ती नुसती मला फोडायला सांगत नव्हती.

"थांब," कोणीतरी म्हणालं.

मायलेकांनी आधी इकडेतिकडे बघितलं. रंगारी बोललाय, हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला. तो काठी टेकत आला. माझ्याजवळ कण्हत, हळूहळू खाली बसला. खांद्यावरच्या फडक्याने माझी सगळ्यात खालची पायरी पुसली. शेवाळ निघालं, धूळ निघाली आणि खाली लाकडात एक खळगा दिसला. डाव्या बाजूला. पावलाएवढा.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला.

"वाळवी लागली असेल."

"वाळवीला पाच बोटं नसतात."

ती वाकून बघू लागली. तो म्हणाला, "वरच्या पायऱ्यांवर मी होतो. आज हिच्यावर, उद्या तिच्यावर. एकही एवढी झिजलेली नाही. माझे रंग तर उन्हाने कधीच उडाले. हे बघ, हे राहिलंय."

एवढं मोठं बोलणं त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. रंगारिणीने नाक ओढलं आणि म्हणाली, "बरं, राहिलं. त्याचं काय लोणचं घालू?"

"घराची वरची भिंत रंगवायची राहिलीय."

"आत्ता आठवली? आणि चढणार कोण, तुमचे गुडघे?"

"तू चढ. मी धरतो."

मुलगा घाबरला. "बाबा, काहीतरीच काय! मी रंगवतो की. पुढच्या आठवड्यात..."

"गप रे," रंगारीण म्हणाली, "तुझा पुढचा आठवडा तुला बापाकडूनच आलाय."

मुलाने कुऱ्हाड ठेवली. माझ्या एकेका पायरीवर उभा राहून नाचून बघितलं. मी हूं की चूं केलं नाही. आज करकरण्याचा दिवस नव्हता. मग त्याने विचारलं, "रंग कोणता देऊ?"

"निळा. एकदा अंगावर घेऊन बघितलाय, शोभतो मला."

तिने बाह्या वर सारल्या. जन्मभर मला धरलेली ती बाई पहिल्यांदा माझ्यावर चढली. खाली रंगाऱ्याने त्याच खळग्यात आपलं पाऊल ठेवलं. ते नीट बसत नव्हतं, पण ठेवलं. मुलगाही बाजूचा दांडा धरून उभा राहिला. पाचव्या पायरीवर ती थांबली. ब्रश धरलेल्या हातानेही तिने माझा दांडा आवळला.

"अहो, आहात ना?"

रंगाऱ्याने मान हलवली.

"अहो! आहात का?"

"आई, बाबांनी मान हलवली," मुलगा म्हणाला.

"मला काय पाठीला डोळे आहेत? बोला म्हणावं!"

"काय बोलू?" रंगाऱ्याने विचारलं.

"मी एवढी वर्षं काय बोलले? काहीही बोला!"

तो घसा खाकरून म्हणाला, "मांजरीच्या पिल्लांनी डोळे उघडले."

"पुढे?"

"चहाची पावडर संपलीय."

"पुढे?" ब्रश भिंतीवर चालू लागला होता. तिचे पाय स्थिर झाले होते.

त्याने खळग्यातलं पाऊल घट्ट रोवलं. मग म्हणाला, "त्या दिवशी डबा सांडला ना, कापडवाल्याकडे. तो धांदरटपणा नव्हता. तुझा आवाज येत नव्हता. तू आहेस की गेलीस, ते बघायला वाकलो होतो. तू खाली बोलत असलीस की मला वर भीती वाटायची नाही."

ब्रश थांबला. तिच्या पायाची बोटं माझ्या पायरीभोवती घट्ट झाली. मग वरून आवाज आला, 

"मग हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलू कुठे देत होतीस?"

मुलगा इतका हसला की मलाच हादरे बसले. वरून ती म्हणाली, "हसू नका, मी पडेन. उजवीकडे ओघळ आलाय का बघा."

"आलाय," रंगारी म्हणाला.

"असू दे."

तो ओघळ अजून भिंतीवर आहे. मी आता मागे नाही, पुढच्या अंगणात असते. मुलाने मला तेलपाणी केलं, नवी पाचर मारली. खालची पायरी घासून सपाट करतो म्हणाला, तर त्याची आई कडाडली, "तिला हात लावशील तर बघ!" रंगारी आता बोलतो. सुरुवात उशिरा झाल्यामुळे असेल, पण इतका बोलतो की परवा तीच म्हणाली, "अहो, तुमचं बटण कुठे आहे?"

मित्रांनो, मी समजत होते की मी उंच जाण्यासाठी जन्मले. आता मला माझी खालची पायरी सगळ्यात जास्त आवडते. ज्या सुताराने मला घडवलं, ज्या माणसाने मला वापरलं आणि जिने मला धरलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुम्हीही चढा, खूप वर चढा. पण तुमची शिडी कोणीतरी खालून धरली आहे, हे विसरू नका. ते माणूस कोण, ते त्याच्या हयातीतच शोधा. आणि एखाद्या दिवशी खाली उतरून त्यालाही वर चढू द्या, तुम्ही धरा. फक्त धरताना गप्प उभे राहू नका. वर चढलेल्या माणसाला खाली हललेली मान दिसत नाही.