आपण म्हणायला

"आता तिकडं गेलीस की आमच्याकडं, आमच्याकडं करायचं नाही. आपल्याकडं म्हणायचं. जिभेला आधी वळण लाव. मन येतंय मागनं."

कुसुमबाईंचा हा आवाज एकवीस वर्षांपूर्वीचा. कऱ्हाडच्या विहारात लग्न लागलं होतं, जीप सुरू होऊन घरघरत होती आणि अर्ध्या उघड्या काचेत बोटं अडकवून आई लेकीला एवढंच सांगत होती. बाकीच्या आया अशा वेळी रडतात. ही बोलायला शिकवतेय, म्हणून श्रावस्तीला तेव्हा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी सासरी चहा पिताना ती सहज बोलून गेली की आमच्याकडे चहात गवती चहाची पात घालतात. सासूबाईंनी बशीतून नजर न उचलता विचारलं, "आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" तेव्हा तिला आईचं बोलणं कळलं. आम्ही म्हटलं की समोरचा माणूस दाराबाहेर राहतो. आपण म्हटलं की तो आत येतो, पाटावर बसतो. मधला उंबरा दिसत नाही, पण ठेच लागते. पापड लाटताना आई म्हणायची ती ओवीही मग तिला नव्याने ऐकू आली:

आम्ही म्हणता म्हणता, बाई उंबरा गं आला
आपण म्हणायाला, जल्म सारा माझा गेला

श्रावस्तीचा जन्म गेला नाही, वर्ष-दीड वर्ष गेलं. मग नवऱ्याला, उज्ज्वलला बहरैनमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. झिंज भागात खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे तिकडचं किराणा दुकान, आणि वर यांच्या दोन खोल्या. तिथे तिच्या तोंडी 'आपण' आपसूक बसलं. आपला एसी, आपला जिना, आपल्याला उद्या सुट्टी. आई फोनवर विचारायची, तिकडं नदी हाय का गं? नदी नाही आई, दोन समुद्र आहेत, अरबीत देशाचं नावच तसं आहे, असं ही सांगायची. नदीशिवाय माणसं राहतात कशी, याचं कुसुमबाईंना मरेपर्यंत नवल वाटलं.

मुलीला, सावनीला मात्र हा उंबरा कधी कळलाच नाही. ती इंग्रजी शाळेत वाढली, तिला दोन्ही शब्द सारखेच. "आई, आम्ही आज पिझ्झा खाऊया?" ती विचारायची. उज्ज्वल चेहरा गंभीर करून म्हणायचा, "तुम्ही खा बाई. आम्ही बघत बसतो." सावनी चिडायची, "बाबा, व्हॉटेव्हर." घरातला सगळ्यात जुना विनोद हाच. आता ती पुण्याला कॉलेजात होती आणि विनोद फोनवर चालायचा.

मुलगी गेली, घरात दोघंच उरलो, म्हणून ही सहल, असं श्रावस्ती धरून चालली होती. डॅन्यूब नदीवरच्या बोटीतून आठ दिवस, पासाउपासून बुडापेस्टपर्यंत. लग्नाचा विसावा वाढदिवस गेल्या वर्षी तसाच निघून गेला होता. तेव्हा कश्मिरा आजारी होती.

कश्मिरा उज्ज्वलच्या कंपनीत खरेदी खात्यात होती. पुण्याची, एकटी, जुफैरला अकराव्या मजल्यावर राहायची. आजार कळला तेव्हा इथे तिचं कुणी नव्हतं. आपण नाही बघायचं तर कोण बघणार, असं उज्ज्वल म्हणाला, आणि त्यातलं 'आपण' श्रावस्तीने मनापासून उचललं. आठवड्यातून तीनदा ती तांदळाची पेज आणि मऊ वरण घेऊन जायची. उशीवर गळलेले केस वेचायची. एकदा कश्मिरा तिचा हात धरून खूप वेळ रडली. दुखतंय का, असं हिने विचारलं. तर ती म्हणाली, तुम्ही इतक्या चांगल्या का आहात?

फेब्रुवारीत तिला पुण्याला नेलं आणि मार्चमध्ये ती गेली. बातमी आली त्या दिवशी उज्ज्वल स्वयंपाकघरात नळ सोडून उभा होता. पातेलं भरून वाहत होतं. श्रावस्तीने नळ बंद केला, त्याच्या पाठीवर हात ठेवला. महिन्याभराने त्याने ही सहल ठरवली.

आज जुलैतला शुक्रवार, दुपारचे अडीच. व्हिसा झाला होता, रजा मंजूर होती. नईममध्ये ट्रॅव्हल ऑफिस चालवणाऱ्या हमीदाला एक फॉर्म तेवढा हवा होता. बोट रोज एका गावी थांबणार, तिथे जोडप्यांसाठी दोन-तीन सहली, त्यांतली एक निवडायची. चारला यादी बंद होणार होती.

श्रावस्ती पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मेथीची जुडी शेजारी तशीच पडली होती. माहितीपत्रकात पानापानावर हातात हात घातलेली माणसं होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे वाचताना तिला हसू येत होतं, आणि आतून थोडं बरंही वाटत होतं.

"अहो, एके दिवशी घोडागाडी आहे. दोघांचं वजन विचारलंय."

"घोड्याचं विचारलंय का?" उज्ज्वल म्हणाला. पुष्कळ दिवसांनी तो असं काही बोलला होता.

पहिलंच गाव पासाउ. तिथे तीन नद्या एकत्र येत होत्या. श्रावस्तीने फोटो त्याच्याकडे वळवला. तिच्या गावी कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन गळ्यात पडतात, आणि पुढे एकच होऊन वळतात. लहानपणी ती घाटावर बसून कुठलं पाणी कुणाचं ते शोधायची.

"तीन आहेत बघा. आमच्या कऱ्हाडला दोनच." एवढ्या एका जागी तिचं 'आमच्या' अजून टिकून होतं आणि उज्ज्वलने ते कधी खोडलं नव्हतं.

तो फोटो पाहत म्हणाला, "तिन्हींचे रंग वेगळे आहेत. एक हिरवी, एक मातकट, एक काळी. लगेच मिसळत नाहीत. बराच वेळ एकमेकींच्या शेजारून जातात. आम्ही किल्ल्यावरून पाहिलं ना, तेव्हा..."

आणि तो थांबला.

सहा वर्षांपूर्वी कंपनीने त्याला पंपांच्या ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस तिकडेच, याच नदीकाठच्या एका गावी पाठवलं होतं. आल्यावर त्याने सांगितलं होतं, एकटाच होतो, हॉटेल ते कारखाना, कारखाना ते हॉटेल, बटाटे खाऊन कंटाळलो. नदी दिसली का, असं तिने विचारलंही होतं. बसच्या खिडकीतून, असं तो म्हणाला होता.

"आम्ही म्हणजे कोण?"

प्रश्न तोंडातून गेल्यावर तिला सासूबाईंचा आवाज ओळखू आला.

उज्ज्वल हसला. "सावनीची सवय लागली मला. व्हॉटेव्हर."

तीही हसली. तिला हसायचंच होतं. तिने पासाउच्या चौकटीत खूण केली आणि पान उलटलं. मुलीची सवय बापाला लागू शकते, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण सावनी 'आम्ही' म्हणते तेव्हा तिला 'आपण' म्हणायचं असतं. तिच्या 'आम्ही'त आई असते, बाबा असतात. उज्ज्वल जिथे थांबला, त्या किल्ल्यावर श्रावस्ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी जर्दाळूच्या बागांतून जायचं होतं, बसने किंवा सायकलने. गुडघ्यांचा विचार करून ती म्हणाली, बसने जाऊ. तो म्हणाला, सायकलच घे, चढ फक्त शेवटी आहे आणि तिथे उतरून चालता येतं. व्हिएन्नाला एक संगीताचा कार्यक्रम होता आणि एक उंच, जुना आकाशपाळणा. तिने वाचून संपवायच्या आत त्याचं बोट पाळण्यावर गेलं. एका गावी तर नदीकाठच्या बाकांबद्दल तो बोलायला लागला, आणि मग कुठेतरी वाचलं होतं, असं म्हणाला.

तो निवडत नव्हता, आठवत होता. प्रत्येक गावातून आधी दोन माणसं चालत गेली होती आणि त्यांच्या पावलांवर आता ती खुणा करत होती.

शेवटचं गाव बुडापेस्ट. तिथे त्याचं बोट पानावर नुसतंच राहिलं.

"इथे तुला हवं ते घे," तो म्हणाला.

इथे तो गेला नव्हता. आठ दिवसांतला हा एक दिवस तिचा होता, उरलासुरला.

तेव्हा तिला जुफैरचा तो फ्रिज आठवला. दारावर चुंबकाने लावलेला फोटो, उंचावरून काढलेला. तीन पट्ट्यांचं पाणी. पेज गरम करता करता तिने विचारलं होतं, हे कुठलं? कश्मिरा पडल्या पडल्या म्हणाली होती, आहे एक गाव, तिथली पाणी मिसळत नाहीत लवकर. मग श्रावस्तीने तिला कऱ्हाडचा संगम सांगितला, रंगवून रंगवून. कश्मिरा डोळे मिटून ऐकत होती. आणि ज्या पंधरवड्यात उज्ज्वल ट्रेनिंगला होता, त्याच पंधरवड्यात कश्मिरा रजेवर पुण्याला गेली होती, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

फोन वाजला. हमीदा होती. तिने तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं की भाभी, फॉर्म झाला का, यल्ला, चला लवकर, तिकडचे लोक वेळेचे फार पक्के आहेत. श्रावस्तीने सांगितलं की एकच प्रश्न राहिलाय, पाच मिनिटं. इंशाल्ला, असं म्हणून हमीदाने फोन ठेवला.

एक प्रश्न खरंच राहिला होता, फॉर्मच्या तळाशी. ही सहल कोणत्या खास निमित्ताने करत आहात? मधुचंद्र, लग्नाचा वाढदिवस, इतर. पेनाचं टोक लग्नाच्या वाढदिवसावर थांबलं आणि कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. एसीचा आवाज येत होता. खाली कोल्ड स्टोअरचं शटर कुणीतरी वर ढकललं.

"वाढदिवस लिहू का?" तिने विचारलं. "का इतर?"

उज्ज्वल मेथीची एक काडी उचलून तिची पानं खुडायला लागला. देठ बाजूला, पानं बाजूला, वीस वर्षं तो तिला मदत करत आला तसा.

"ती होती बरोबर?"

काडी संपली. त्याने दुसरी घेतली, मग ती खाली ठेवली. हो, तो म्हणाला. पाण्याचा पेला त्याने हातात घेतला, प्यायला नाही. मग नाव घेतलं. कश्मिरा. ते नाव या घरात शंभरदा घेतलं गेलं होतं, डबे भरताना, औषधांच्या वेळा लिहिताना. आज पहिल्यांदा ते तिला अनोळखी वाटलं.

पुढचं तो तुकड्यातुकड्यांनी बोलला. आल्यावर ते संपवायचं ठरलं होतं, आणि संपलं नाही, आणि मग आजारपण आलं. तुझ्या हातची पेज ती पुष्कळदा घशाखाली उतरवू शकायची नाही, असंही त्याने सांगितलं. तुला सांगून टाका म्हणायची. मला जमलं नाही.

श्रावस्ती ऐकत होती. ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडायला समोर कुणी हवं. एकजण मार्चमध्येच गेली होती, आणि दुसरा इथे बसून मेथीच्या पानांवर थेंब पाडत होता. तिला उशीवरचे केस आठवले, एकेक करून वेचलेले. एकवीस वर्षांत जिभेला लावलेलं वळण आठवलं. मन मागून आलं होतं, आई. आलं होतं. तेच चुकलं.

पेन अजून तिच्या हातात होतं. घड्याळात चाराला दहा कमी होते.

"मग मला कशाला नेताय?" तिने विचारलं. "तुमच्या दोघांच्या गावांना?"

उज्ज्वलने डोळे पुसले नाहीत. त्याने फॉर्म स्वतःकडे ओढला, तीन नद्यांपाशी तिने केलेली खूण पाहिली, आणि कागद पुन्हा तिच्यासमोर ठेवला.

"एकट्यानेच जायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. "पण एकटा गेलो तर परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तू असलीस की यावं लागेल."