तांबडं दूध

गहिनीनाथ नानांच्या घरात बाकी काहीही जळलेलं चालायचं. भाकरी करपली तरी नाना मुकाट खायचे. एकदा अंगणातला कडबा पेटला, तेव्हासुद्धा ते बादली घेऊन सावकाश चालत गेले. पण साखर जळता कामा नये.

त्याला कारण होतं. नानांनी साखर कारखान्यात एकतीस वर्षं पॅनमन म्हणून काढली. उसाचा रस आटत येतो, दाट होतो आणि एका क्षणाला त्यात दाणा धरतो. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. आच चढली, क्षण हुकला, की रस तांबडा पडतो आणि सगळा माल वाया. नानांच्या हातून एकतीस वर्षांत एकदाही माल तांबडा पडला नाही. निवृत्तीच्या हाराबरोबर साहेबांनी भाषणात हे सांगितलं होतं, आणि तेव्हापासून देवळाली प्रवरात ज्याला ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला नानांनी ते सांगितलं होतं. माणूस भला, माळकरी, एकादशी न चुकवणारा. पण भल्या माणसाचा अभिमान फार अवघड असतो. त्याला पाप म्हणता येत नाही, म्हणून तो सुटतही नाही.

सत्यशीला ही त्यांची सून. सासू तिच्या लग्नाआधीच वारलेली, त्यामुळे चूल पहिल्या दिवसापासून तिचीच. माहेर सुप्याचं. तिथं कारखान्यांच्या वसाहतीबाहेर तिच्या आईची, कलाबाईची, चहाची टपरी. टपरी चहाची खरी, पण माणसं यायची ती तांबड्या दुधासाठी. कोरडी साखर कढईत जाळायची, तांब्याच्या रंगावर आली की गरम दूध ओतायचं, आटवायचं, आणि ते दाट, किंचित कडवट गोडसर दूध पावावर सोडायचं. पाळी सुटलेले कामगार उभ्याउभ्या बोटं चाटत खायचे. नवरा गेल्यावर कलाबाईनं तीन मुली त्याच कढईवर वाढवल्या आणि तिघींना सासरी धाडलं.

सत्यशीलाच्या लग्नात रुखवतात लाडू, करंज्या, अनारसे होते, आणि एक मोठी किटली भरून तांबडं दूध होतं. नानांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळ्या पाहुण्यांदेखत किटली गव्हाणीत रिकामी केली.

"जल्मभर साखर जळू दिली न्हाई," ते म्हणाले, "आन आता जळका माल घरात घिऊ व्हय?"

म्हशीनं ते चाटूनपुसून खाल्लं. पाहुणे हसले. कलाबाई हसली नाही, रडलीही नाही. तिनं किटली धुतली, पदरानं पुसली आणि पुढच्या एसटीनं गेली. त्याला पाच वर्षं झाली. दरसाल गावच्या हरिनाम सप्त्याला ती यायची, मंडपात बसून कीर्तन ऐकायची, मंडपातच प्रसाद घ्यायची, लेकीला बाहेरच भेटायची. लेकीच्या घरी तिनं घास खाल्ला नव्हता.

यंदा सप्त्याचं पाचव्या दिवशीचं दुपारचं पान नानांकडे आलं. पान म्हणजे कीर्तनकार, मृदंगवाले, टाळकरी या सगळ्यांचं जेवण. आणि कीर्तनकार होत्या वृषालीताई. वय तिशीच्या आत, आवाज असा की शेवटच्या रांगेतली पेंगणारी म्हातारी ताठ बसावी. अशा माणसाचं पान घरात येणं म्हणजे पुण्याई. नानांनी आठ दिवस आधीच फर्मान काढलं, "शिरा कर. तूप दाबून."

सत्यशीलानं मान हलवली नाही. तिनं आईला फोन लावला.

"आई, गुरुवारी पान आपल्याकडंय. तू जेवायला यायचं."

"मी जेवंन मंडपात."

"मी तांबडं दूध करणार आहे."

पलीकडे नुसता स्टोव्हचा आवाज ऐकू आला. मग कलाबाई म्हणाली, "करू देत्याल?"

"मी विचारलंच नाही."

गुरुवारी सकाळी नाना पारायणाला मंडपात गेले, नवरा मच्छिंद्र पत्रावळी आणायला गेला, आणि सत्यशीलानं जाड बुडाची कढई चुलीवर ठेवली. शेजारची जाऊ रेश्मा शेवया वाफवायला आली होती. एका बाजूला दोन लिटर दूध तापत होतं. कढईत अर्धा किलो साखर पडली तेव्हा रेश्मानं विचारलं, "पाणी घालायचं राहिलं का?"

"पाणी नाही घालायचं. चमचासुद्धा नाही. नुसती कढई हलवायची."

"आणि नानांना काय सांगायचं?"

"नाक आहे की त्यांना."

आधी कडेची साखर विरघळली. मग मधासारखी झाली. सत्यशीला चिमट्यानं कढई धरून गोल फिरवत होती. कोरडी साखर मधात बुडत गेली आणि मधाचा रंग चढत गेला. बारीक फेस आला. पहिला धुराचा धागा उठला आणि खिडकीतून बाहेर पडला. मंडप दोन घरं सोडून पलीकडे, आणि वारा नेमका तिकडे.

नाना आले ते एक पाय चपलेत, एक मोकळा.

"सत्यशीला! काय जळतंय?"

"साखर, नाना."

ते दारातच थांबले. कुणाचा फोन आला, लक्ष गेलं, असं काहीतरी ती सांगेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिनं कढई आणखी एकदा फिरवली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. अर्धा किलो."

"आगं उतरव! उतरव म्हन्तो! गेला, रंग गेला त्येचा!"

"अजून नाही."

"मला शिकिवती? एकतीस वर्सं मी..."

"एकतीस वर्षं तुम्ही साखर वाचवली," सत्यशीला म्हणाली. नजर कढईतून हलली नाही. "मी वाचवत नाहीये. मी जाळतेय. जाळण्यातलं तुम्हाला काय माहीत?"

रेश्मानं पदर तोंडात कोंबला. आजवर त्या घरात नानांना 'काय माहीत' असं कुणी विचारलं नव्हतं.

आणि सत्यशीला थांबली. नानांचं "उतरव" कानाशी वाजत असताना ती आणखी थांबली. रंग तांब्याचा झाला, तांब्यावर काळसर झाक यायला लागली, तेवढ्यात तिनं एका हातानं कढई खाली घेतली आणि दुसऱ्या हातानं गरम दुधाची पहिली वाटी ओतली.

कढई फुत्कारली. वाफेचा लोट आढ्याला गेला. वाफ विरली तेव्हा आत दिसलं ते असं: वर पांढरंफेक दूध आणि तळाशी साखरेचा एक दगड. कडक, चमकणारा.

"बसला!" नाना ओरडले. खरं सांगायचं तर त्या ओरडण्यात थोडा आनंद होता. "माल बसला! आता आना छिन्नी आन हातोडा. कारखान्यात असा माल बसला असता तर मानसं आत उतरवून फोडाय लागला असता."

पाच वर्षांत तिनं हे केलं नव्हतं, आणि इतक्या साखरेचं तर कधीच नाही. बाहेर मंडपात टाळ वाजत होते. दोन तासांत पंगत बसणार. तासाभरात आई फाटकापाशी उभी राहणार. शिऱ्याचा रवा डब्यात होता, तूप होतं, अजूनही वेळ होता. हे सगळं तिच्या मनातून गेलं, आणि तिनं कढई परत चुलीवर ठेवली.

आच अगदी बारीक केली. वाटी वाटी करून उरलेलं दूध घातलं. पळी तळाशी नेली आणि दगडाला खरवडायला लागली. हात थांबवला नाही.

"ते सुटायचं न्हाई," नाना म्हणाले.

"सुटेल."

"न्हाई सुटायचं, मी सांगतो ना!"

"मग बघत उभे राहा. नाहीतर पारायणाला जा. पण मध्ये येऊ नका, कढई तापलेली आहे."

नाना गेले नाहीत. दगडाच्या कडेनं तांबूस रेघ दुधात सुटली. मग दुसरी. मग दूध फिकट बदामी झालं, मग विटकरी, आणि पळी तळाशी फिरताना आधी खडखडत होती ती गुळगुळीत फिरायला लागली. बसलेला माल सुटताना नानांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. ते डोळे बारीक करून बघत राहिले. मग उरलेली चप्पल शोधायला बाहेर गेले.

दूध आटत आटत पळीच्या पाठीला धरायला लागलं. सत्यशीलानं त्यात मिठाची चिमूट आणि चमचाभर तूप टाकलं. रेश्मानं बोट बुडवून चाटलं.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि पुन्हा बोट बुडवलं.

दुपारी बारा वाजता ओसरीवर अकरा पत्रावळी मांडल्या गेल्या. वृषालीताई, दोन मृदंगवाले, सात टाळकरी. नाना पाट मोजत आले आणि अकराव्याशी थांबले.

"हे कुनाचं?"

"आईचं."

कलाबाई फाटकाशी उभी होती. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. रेश्मा तिच्याजवळ उभी राहून कानात बराच वेळ काहीतरी सांगत होती.

"बायकांची पंगत मागनं असती," नाना खालच्या आवाजात म्हणाले.

"ताई बसल्यात की पहिल्या पंगतीत."

"आगं, त्या कीर्तनकार हायेत."

"मी कीर्तनकार आहे, पण बाईही आहे, नाना," वृषालीताई पाटावरूनच म्हणाल्या. "खात्री आहे माझी. या मावशी, माझ्याशेजारी बसा."

टाळकरी हसले. कलाबाईनं पायरीवर चप्पल काढली आणि पाच वर्षांनी त्या ओसरीवर पाय ठेवला. बसली. सत्यशीलानं भात, वरण, भाजी, पुरी वाढली, आणि शेवटी वाफवलेल्या शेवयांवर पळीपळीनं तांबडं दूध सोडलं. पुंडलिक वरदाचा गजर झाला. हात पत्रावळीकडे गेले.

कलाबाईचे हात मांडीवरच राहिले.

वृषालीताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी उचललेला घास खाली ठेवला. त्यांचं बघून मृदंगवाल्यांनी ठेवला, मग सगळ्यांनीच.

"मावशी, काय झालं?"

"काय न्हाई, ताई." कलाबाईचा आवाज टपरीवरच्यासारखाच होता, खणखणीत. "ह्या घरात हा जिन्नस जनावरं खात्यात, मानसं न्हाई. घरधन्यानं आदी खाल्ला तर मी खाईन. न्हाईतर मी आपली नुसती बसते. मला भूक न्हाई."

मच्छिंद्र भाजीची बादली घेऊन जागच्या जागी उभा राहिला. त्यानं बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि बादलीत पाहिलं. आईला भूक होती हे सत्यशीलाला माहीत होतं. ती पहाटे सुप्याहून निघाली होती. पण "आई, राहू दे गं, खा" असं ती म्हणाली नाही. तिनं एक वाटी भरली आणि नानांपुढे धरली.

"घ्या."

"मी वाढतोय. पंगत उठल्याबिगर मी अन्न घेत न्हाई. सप्त्याचा माझा नेम हाय."

"मग ही पंगत उठायची नाही."

नानांनी वृषालीताईंकडे पाहिलं. कीर्तनकार माणूस, नेमाची बाजू घेईल अशी आशा. ताईंनी हात मांडीवर ठेवले.

"नेम तुमचा आहे, नाना. पाळायचा की मोडायचा ते तुम्हीच ठरवा. मला आज घाई नाही. रात्रीचं कीर्तन सातला आहे."

शेवटच्या टाळकऱ्यानं, काकासाहेबानं, मोठा सुस्कारा सोडला. पोटात आग पडलेला माणूस, त्याला सातपर्यंतचा हिशेब झेपेना. "नाना," तो म्हणाला, "देवाला काय सांगायचं ते मी सांगंन. पन वाटी घ्या राव."

नानांनी वाटी घेतली. खाल्ली मात्र नाही. आधी उजेडाकडे धरली, कलती करून रंग पाहिला. एक थेंब अंगठ्यावर घेतला, बोटानं दाबला, बोट उचललं. बारीक तार आली आणि तुटली. मग त्यांनी वाटी तोंडाला लावली.

ओसरीवर सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

त्यांनी वाटी संपवली. मिशी पुसली.

"रंग बराबर हाय," ते शेवटी म्हणाले. "आनखी अर्धं मिनिट, आन कडू झालं असतं."

"अर्धं मिनिट कुठलं?" कलाबाई म्हणाली. "दहा आकडं मोजायच्या आत कडू झालं असतं. आन तुमी वरडला तवा उतरवलं असतं, तर नुसतं गोडं पानी."

"तुमाला कुनी सांगितलं मी वरडलो?"

रेश्मा झटकन दाराआड गेली.

नाना वाटीकडे बघत राहिले. "कलाबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी ती किटली मी..."

"त्येचं मागनं," कलाबाई म्हणाली. "लई बोलायचंय मला त्येच्यावर. पाच वर्सांचं साठलंय. आदी जेवू द्या."

आणि तिनं शेवया कालवल्या, मोठा घास केला आणि खाल्ला. डोळे मिटले. मग उघडून लेकीकडे पाहिलं.

"मीठ जरा जास्त झालंय."

"बरं," सत्यशीला म्हणाली. आणि तिनं आईच्या शेवयांवर आणखी एक पळी सोडली.

अकराही हात पत्रावळींवर चालायला लागले. काकासाहेब तर दोन्ही गाल भरून बसला. सत्यशीलानं कोपऱ्यातला पितळी तांब्या उचलला, काठोकाठ भरला आणि सासऱ्याच्या हातात दिला.

"नाना, आईला पाणी वाढा."

नानांनी तांब्या घेतला आणि वाकून पेल्यात धार धरली.