एकविसावा उंबरा

परदेशच्या राष्ट्रप्रमुखाला सलामी द्यायला राजधानीत तोफेचा एक बार झाला, की माळकोंडीतलं एक घर नाहीसं होत असे. वाडी एकवीस उंबऱ्यांची, आणि राजा किंवा अध्यक्ष आला की बारही एकवीस. पंतप्रधानाला एकोणीसच असत, त्यामुळे वरच्या अंगाची दोन घरं त्या दिवशी निवांत जेवत. पाहुण्याचं विमान परत उडालं की घरं जागच्या जागी येत आणि चुलीवरची आमटी अजून गरम असे. वाडीने फारशी कुरकुर केली नाही. सरकारी काम म्हटल्यावर कोण कोणाला विचारतो?

हवालदार हणमंत शेलार त्याच तोफखान्यात होता आणि एकविसावं घर त्याचं होतं. आपल्या हाताने आपलं घर उडवायला नको म्हणून त्याने अर्ज करून राखीव तोफ मागून घेतली होती. सलामीला सात तोफा प्रत्येकी तीन बार काढतात. आठवी भरून नुसती उभी असते, सातांतली एखादी अडली तरच तिची पाळी. अकरा वर्षांत ती आली नव्हती. हणमंत रोज तिला पुसायचा आणि मनात म्हणायचा, बाई, तू गप्प राहा.

मागच्या साली एक सुलतान येऊन गेला, तेव्हा मात्र एक गोष्ट उघड झाली. रावबाची चंद्री म्हैस गोठ्यासकट परत आली, पण तिचं दोन दिवसांचं रेडकू आलं नाही. रावबाने त्याला अजून नाव दिलं नव्हतं. ज्या जिवाला नाव नाही, तो परत येत नाही. तेव्हापासून माळकोंडीत कोंबडीचं पिल्लूसुद्धा अंड्यातून बाहेर पडलं की त्याला नाव मिळू लागलं.

आणि हणमंतची मुलगी आज सहा दिवसांची होती. त्याने तिला अजून पाहिलंही नव्हतं.

तिला उचलून दुसरीकडे न्यावं, तर त्याचाही उपयोग नव्हता. घर गेलं की घरचं माणूस जिथे असेल तिथून जातं. गणू शेलार एकदा कराडच्या स्टँडवर चहा पिता पिता गेला होता, बशी तेवढी राहिली. फक्त वर्दीतला माणूस मागे राहतो, कारण त्याचा पत्ता पलटणीचा असतो.

सकाळी सहालाच हणमंतने घरी फोन लावला.

"आई, आजच नाव ठेव. काय पण ठेव."

"कालच तर पाचवी पुजली," आई म्हणाली. "बारसं बाराव्या दिवशी, आन् नाव आत्यानं ठेवायचं. बापाचं ते काम न्हवं."

"दहाला बार हायत, आई."

"मग सरकारला सांग, सहा दिस थांब म्हणावं."

त्याने खरंच सांगितलं. सुभेदार इंगोले माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांना रुमालही लावला. मग म्हणाले, "हणमंत, एकवीसच्या जागी वीस झाले तर तो अपमान होतो. अपमानावरून लढाया झाल्यात."

राहिली बहीण. शालन पाटणला दिलेली, म्हणजे आता सासरच्या घरची, तिला बारांचं भय नव्हतं. ती पहिल्या एसटीने निघाली. आत्या येतेच आहे म्हटल्यावर आईने बाराव्या दिवसाचा हट्ट सोडला. नाव काय ठरवलंय ते तरी सांग, असं हणमंतने शालनला विनवलं. पण ते बाळाच्या कानातच सांगायचं असतं, आधी फोडलं तर नाव धरत नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला. एसटी माळकोंडीच्या फाट्यावर पावणेदहाला पोचते. पुढे चढ आहे.

दहाला पाहुणे आले. बेटांच्या कुठल्याशा देशाचे अध्यक्ष होते, लहानसर, नम्र गृहस्थ. ते चौथऱ्यावर उभे राहिले, बँडवर त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि पहिल्या तोफेने बार काढला.

रिकामं पितळी काडतूस गवतावर पडलं आणि त्यातून सुक्या बोंबलाचा वास आला. म्हणजे ओढ्याकडचं पहिलं घर गेलं. दोन बारांमध्ये सव्वादोन सेकंद असतात. जिवाला घोर असला की तेवढ्यात माणूस पुष्कळ ऐकू शकतो. तिसऱ्या काडतुसातून जातं थांबल्यासारखा आवाज आला. सातव्यातून रावबाचा खोकला आला.

बाराव्या काडतुसातून बायकी आवाज आला, "अगं शालन, घोटभर पाणी तरी पी." शालन बाराव्या घरापाशी होती आणि ते घर तिच्या पाठीमागे गेलं होतं. पंधराव्यातून तिच्या चपलांचा आवाज आला. सतराव्यातून नुसताच अनवाणी पायांचा. तिने चपला टाकल्या होत्या. पळ गं माझे बाय, असं तो म्हणाला, पण ओठ हलू न देता, कारण तो सावधानमध्ये होता.

विसाव्या काडतुसात शेजारच्या मोत्याचं भुंकणं होतं. मोत्या परक्या माणसावरच भुंकतो.

सातव्या तोफेचा शेवटचा बार झाला नाही. दोरी ओढली गेली, खट्ट झालं आणि पुढे काहीच नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तोफ अडली होती. हणमंतला वाटलं, देव पावला. शालन आता आपल्या अंगणात असेल.

आणि मग त्याला आठवलं, की बाहेरून आलेल्या माणसाला आई पाय धुतल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत घेणार नाही. आधी तांब्या येईल. मग भाकरीचा तुकडा ओवाळून टाकील. जग बुडालं तरी तिचं ते चुकायचं नाही.

"राखीव," इंगोले म्हणाले. "फायर."

हणमंतने दोरी न ओढताच खाली टाकली. ती शेजारच्या नाईक थोरातने उचलली, कारण पहिला अडला तर दुसऱ्याने उचलायची असते. थोरात अत्यंत शिस्तीचा माणूस होता.

हणमंत तोफेच्या पुढे आला. आत्या कानाशी वाकते तसा तो नळीच्या तोंडाशी वाकला. बापाने ठेवलेलं नाव धरतं की नाही, हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याच्याजवळ नावही नव्हतं. आतून दगडावर पाणी पडल्याचा आवाज येत होता. एक पाय झाला होता, दुसरा राहिला होता.

"कुर्र," तो म्हणाला.

मागे थोरातने दोरीचा एक वेढा मुठीला घेतला.