उजव्या खांद्यावरची खूण

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. त्यात रोबोटांचा विषय निघाला तर बघायलाच नको.

परग्रहांवरच्या लढायांचे सिनेमे असतात ना, त्यातले वीतभर उंचीचे खेळण्यातले रोबोट मी जमवतो. तेही सरसकट नाही. कंपनी साचा तोच ठेवते, नुसता रंग बदलते आणि म्हणते, घ्या, हा वेगळा रोबोट. शहाणी माणसं हसून सोडून देतात आणि मी नेमके तेच घेतो. आमची सृष्टी, म्हणजे बायको, म्हणते, “मी एकच साडी सगळ्या रंगांत घेतली असती तर तुम्ही मला माहेरी धाडलं असतं.” बोलते ते खरं आहे, पण तिच्यापुढं कबूल कोण करणार?

सगळे रंग जमले होते, फक्त हिरवा नव्हता. त्या हिरव्यानं मला लय वर्षं झुलवलं. शेवटी तो सांगलीच्या जिनेशकडे निघाला. जिनेशचा हळदीचा व्यापार. माणूस देवमाणूस, पण रोबोट म्हटलं की हात आखडता. त्याला काळा हवा होता आणि काळे माझ्याकडे दोन होते. अदलाबदल ठरली. तो म्हणाला, सगळेच घेऊन या, माझ्याकडच्यांच्या शेजारी मांडून बघू तरी.

साताऱ्याच्या फ्लॅटवर मी खोकं भरायला काढलं, तेव्हा आई शेजारी बसून बघत होती. आई वडूजकडची, सगळा जन्म मेंढरांमागं गेला. वडिलांचे, म्हणजे आबांचे, गुडघे गेले तेव्हा कळप विकला, मग आबाही गेले आणि ती आमच्याकडे आली. फ्लॅटमध्ये तिला करमत नाही. तिनं विचारलं, त्या सांगलीवाल्याकडं बी असलीच हायत का? मी म्हटलं, अगदी हीच, मिसळली तर मलाही ओळखू यायची नाहीत. ती नुसती “हं” म्हणाली. मी अंघोळीला गेलो. येऊन बघतो तर खोकं भरून, बांधून तयार. म्हटलं, आईचा हात चांगला चालतो.

सांगलीत जिनेशच्या माडीवर खोकं सोडलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर लाल तिरकी रेघ. सृष्टीचं नेलपॉलिश! एकही सुटला नव्हता, काळे तर दोन्ही रंगलेले. जिनेशचा चेहरा उतरला. पुसायचं म्हटलं तर नेलपॉलिश काढायच्या औषधानं खालचा रंगही निघणार, असं त्यानंच सांगितलं.

मी तिथूनच आईला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. ती शांत होती.

“खून घातली,” म्हणाली. “परक्या कळपात जानार हुती. मिसळली आस्ती तर आपली कंची, ह्ये कुनी सांगितलं आस्तं?”

ही मेंढरं नाहीत, असं ओरडून मी फोन ठेवला. मग जिनेशला सगळं सांगावं लागलं. बाहेर चरायला निघाला की आमच्या घरचा कळप असाच रंगवायचे, उजव्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यावर, लाल तिरकी रेघ. जिनेश काळा हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, “राजाभाऊ, हा रंग कंपनीनंसुद्धा काढलेला नाही. मला हाच द्या. हिरवा उचला.”

हिरवा माझ्या हातात आला. खरं सांगतो, आनंदानं अंगावर काटा आला. आईला उगाच बोललो असं वाटलं, म्हणून लगेच परत फोन लावला. म्हटलं, काम झालं, त्याला तुझ्या खुणेसकटच पाहिजे.

 

“द्यायचं तर दे,” ती म्हणाली, “तुजी वस्तू हाय. पर खून काढून दे.”

मी म्हटलं, खूण काढली तर खालचा काळा रंगही जाईल, आणि त्याला खूणच हवी आहे.

“आपल्यात खुनेचं देत न्हाईत, बाबा. कळप इकला तवा येपारी दारात टेम्पो घिऊन हुबा. तुज्या आबानं एकेक मेंढरू फुड्यात घेतलं आन खुनेवरची तेवढी लोकर कातरली. येपारी म्हनला, म्हाताऱ्या, कशाला येळ घालवतुस? तरी सोडली न्हाई. मी म्हनलं, आवं, मी कातरते. तर कातर दीनात. समद्यांची कातरली, मग टेम्पो हालला. आन ती लोकर हुंगत बसलं.”

तेव्हा मला कंपनीत रजा मिळाली नव्हती. संध्याकाळी फोनवर आबांनी एवढंच सांगितलं होतं की कळप गेला, भाव बरा मिळाला. मी बरं म्हटलं होतं.

जिनेश काळ्याला आपल्या काचेच्या कपाटात जागा करत होता. मी उठून त्याच्या हातातून काळा काढून घेतला आणि हिरवा तिथं ठेवला. त्याला वाटलं मी चिडलो. काय झालं, काय झालं म्हणून तो विचारत राहिला. मी काळा खोक्यात ठेवला. मग म्हणालो, “आमच्यात खुणेचं देत नाहीत.”